केसपेपर ते शोधनिबंध : प्रस्तावना

१९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातून गेलेला एक लेख छापून आला. दोनच पानांचा. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना काही माणसांचे रक्त असे आढळले होते, की त्यात ए नव्हते, बी नव्हते आणि ओ गटाच्या रक्तात जे असतेच तेही नव्हते. अशा माणसाला ओ गटाची बाटलीसुद्धा चालत नाही. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या साथीने त्यांनी हे पडताळून घेतले आणि जेवढे दिसले तेवढेच लिहिले. आज जगातल्या कुठल्याही रक्तपेढीत ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हटले की कळते. क्रॉसमॅच जुळत नाही हा अनुभव रक्तपेढीत काम करणाऱ्याला नवा नसतो. बहुतेक वेळा दुसरी बाटली शोधली जाते, रुग्णाची वेळ निभावते आणि रजिस्टरमधली नोंद तिथेच राहते. केईएममधल्या या डॉक्टरांनी त्या नोंदीचा पाठपुरावा केला आणि ती सगळ्यांच्या हाती येईल अशा रीतीने मांडली.

त्याच्या तीन वर्षे आधीची गोष्टही याच रुग्णालयातली. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे आपल्याकडे नवे नव्हते. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच त्याविषयी लिहिले होते, पण ते एका भारतीय नियतकालिकात, आणि बाहेरच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. १९४९ मध्ये रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये पद्धतशीर मांडला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ते औषध आपल्या रुग्णांवर तपासायला घेतले आणि पुढच्या काही वर्षांत सर्पगंधा जगभरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आली. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. वनस्पती तीच, गुणही तोच. फरक पडला तो निरीक्षणे कशी गोळा केली, कशी मांडली आणि कुणापुढे ठेवली यामुळे.

हे पुस्तक या फरकाविषयी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतले रेसिडेंट, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर, स्वतःचे छोटे रुग्णालय चालवणारे फिजिशियन आणि सर्जन यांच्यासाठी ते लिहिले आहे. आपल्याकडे रुग्ण उदंड आहेत, आजारांची विविधता उदंड आहे आणि कामाचा रेटा तर विचारूच नका. दरवर्षी एमडी-एमएसचे शेकडो थिसीस सोनेरी अक्षरांत बांधून विभागाच्या कपाटात जातात. त्यांतले फार थोडे एखाद्या चांगल्या नियतकालिकापर्यंत पोचतात. याचे कारण विचारले की ‘आमचे इंग्रजी कच्चे’ किंवा ‘परदेशी लोक आपले छापत नाहीत’ असे उत्तर येते. माझे मत वेगळे आहे. बहुतेक लेख नाकारले जातात ते लिहिण्याच्या कितीतरी आधी घडलेल्या गोष्टींमुळे, आणि उरलेल्यांपैकी बरेच आपण नेमके काय केले ते धड न सांगितल्यामुळे. पहिल्यावर लेखन सुधारून इलाज होत नाही. दुसऱ्यावर पूर्ण इलाज आहे.

आणखी एक गोष्ट मला पहिल्याच पानांत सांगायची आहे, कारण ती पुस्तकांतून सहसा येत नाही. अभ्यासात भाग घेणाऱ्या रुग्णाने आपल्याला काहीतरी दिलेले असते: जादा एक सिरिंज रक्त, तीन जादा फेऱ्या, एक दिवसाची मजुरी, संमतिपत्रावरचा अंगठा. त्याला त्यातून स्वतःचा फायदा होईलच असे नसते, आणि संमतिपत्रात आपण तसे लिहूनही देतो. पुढच्या रुग्णांना उपयोग होईल, या एका शब्दावर तो तयार होतो. तो थिसीस कपाटात पडला तर आपण दिलेला शब्द मोडलेला असतो. म्हणून शोधनिबंध प्रसिद्ध करणे हे बढतीचे साधन आहे असे मी मानत नाही. ते देणे आहे.

लेखाचे भवितव्य आधीच ठरते म्हणजे काय, ते पाहू. १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एकत्र बसले. लेखकांनी हस्तलिखित कसे पाठवावे याचे समान नियम त्यांना ठरवायचे होते. त्या बैठकीतून पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली, आणि आज जगातली बहुतेक चांगली नियतकालिके तिचे संकेत पाळतात. या समितीच्या नियतकालिकांनी २००५ पासून भूमिका घेतली, की क्लिनिकल ट्रायलची नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी झालेली नसेल तर तिचा लेख विचारात घेणार नाही. आपल्याकडे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री (सीटीआरआय) जुलै २००७ मध्ये सुरू झाली, १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली, आणि एप्रिल २०१८ पासून रजिस्ट्रीने मागाहून नोंदणी करून घेणेच थांबवले. तेव्हा दोन गटांना दोन औषधे देऊन दीड वर्षाचे काम संपल्यावर जो रेसिडेंट ‘सर, सीटीआरआय नंबर मागतायत’ म्हणून येतो, त्याच्यासाठी कुणालाही फारसे काही करता येत नाही. एथिक्स कमिटीच्या परवानगीचेही तेच. परवानगीच्या तारखेआधी गोळा केलेला एकही रुग्ण लेखात दाखवता येत नाही. तारखा सगळे सांगतात.

नोंदणीचा हा आग्रह निव्वळ कागदी सोपस्कार वाटतो. तसा तो नाही. अभ्यासाचा मुख्य निकष आधी लिहून ठेवला नसेल तर मास्टर चार्ट हाती आल्यावर मोह होतोच. वेदना कमी झाल्याचे दिसले नाही, पण रुग्णालयातला मुक्काम कमी झालेला दिसतो. मग मुक्कामालाच मुख्य निकष करून टाकावे. पीक पाहून बांध सरकवण्याचा हा प्रकार आहे. वीस निकष तपासले तर निव्वळ योगायोगाने एखादा ‘सिग्निफिकंट’ निघण्याची चांगलीच शक्यता असते, आणि तोच निवडून छापला तर त्यावर विश्वास ठेवून पुढचा डॉक्टर चुकीचे औषध देईल. रजिस्ट्रीवरची नोंद आणि हाती आलेला लेख शेजारी ठेवून पाहणारे रिव्ह्यूअर आता पुष्कळ आहेत.

सॅम्पल साइजविषयी दुसऱ्या प्रकरणात विस्ताराने लिहिले आहे. इथे एवढेच म्हणतो, की स्टॅटिस्टिशियनकडे जायची वेळ सिनॉप्सिस लिहिताना असते. मास्टर चार्ट घेऊन त्याच्याकडे धावणे म्हणजे रुग्ण दगावल्यावर फिजिशियनला रेफर करणे झाले.

आता लेखनाकडे येतो. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे नाव वैद्यकीय संख्याशास्त्रातले मोठे नाव. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन देऊन झालेल्या १९४८ च्या ट्रायलच्या आखणीमागे ते होते. शोधनिबंधाने चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत असे त्यांनी सांगून ठेवले: काम का सुरू केले, काय केले, काय आढळले, आणि त्याचा अर्थ काय. इंट्रोडक्शन, मेथड्स, रिझल्ट्स आणि डिस्कशन हा आज सर्वत्र रूढ असलेला साचा याच चार प्रश्नांचा आहे. थिसीसमध्ये हे चार भाग असतात, पण त्यांची वजने उलटी असतात. ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ची चाळीस पाने, शरीररचनेची दहा, आणि मेथड्सची जेमतेम दोन. नियतकालिकाला साधारण तीन हजार शब्दांत सगळे हवे असते, आणि त्यात मेथड्सला जागा सर्वांत मोलाची. म्हणून थिसीस ‘कापून’ पेपर होत नाही. कोऱ्या कागदापासूनच सुरुवात करावी लागते.

मी मेथड्सवर एवढा भर का देतो ते एका वाक्यातून दाखवतो. आपल्या थिसीसांत असे वाक्य सर्रास आढळते: ‘प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या रक्तक्षयाच्या महिलांचा अभ्यासात समावेश केला.’ व्याकरणात काही चूक नाही. पण हे वाचून दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तोच अभ्यास करता येईल का? रक्तक्षय म्हणजे हिमोग्लोबिन किती? कितव्या महिन्यात मोजले? बोटाच्या रक्तावर की शिरेतल्या? आलेल्या सगळ्यांना विचारले, की ओपीडीत गर्दी नव्हती त्या दिवशी आलेल्यांनाच? विदर्भातले रुग्णालय असेल तर सिकलसेलच्या महिलांचे काय केले? आता हेच वाक्य असे लिहून पाहा: ‘जानेवारी ते डिसेंबर या काळात आमच्या प्रसूतिपूर्व ओपीडीत पहिल्यांदा आलेल्या, गर्भधारणेला १४ आठवडे पूर्ण न झालेल्या आणि हिमोग्लोबिन डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या सर्व महिलांना सहभागाविषयी विचारले. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे निदान आधीच झालेल्यांना वगळले. हिमोग्लोबिन शिरेतल्या रक्तावर ऑटोमेटेड काउंटरने मोजले.’ शब्द वाढले, पण एकही शब्द शोभेचा नाही. त्यातला ‘सर्व’ हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि तो खरा असेल तरच लिहावा.

त्यानंतर रिव्ह्यूअर पाहतो तो माणसांचा हिशेब. किती जणांना विचारले, किती जण नाही म्हणाले, किती आले आणि पुन्हा दिसलेच नाहीत. आपल्याकडे ऊसतोडीला कुटुंबे जातात, भातलावणीला बायका तपासणी चुकवतात, बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. हे झाकायचे कारण नाही. किती गेले आणि का गेले ते लिहिले, तर उलट लेखाची विश्वासार्हता वाढते. जे झाकले जाते ते टेबलातल्या बेरजा न जुळल्याने उघड होतेच. ट्रायलसाठी कन्सॉर्ट ही मार्गदर्शक यादी १९९६ पासून आहे आणि माणसांच्या या हिशेबाची आकृती तिच्यातूनच रूढ झाली. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, केस रिपोर्टसाठी केअर, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी प्रिझ्मा. या याद्या लेख पाठवायच्या आदल्या रात्री भरायच्या नसतात. प्रोफॉर्मा तयार करतानाच शेजारी ठेवल्या तर कोणती माहिती टिपायची राहिली आहे ते वेळेत कळते.

आकडे कसे सांगावेत, याचे दोन नमुने महाराष्ट्राच्या मातीतूनच देतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे आपल्या रुग्णालयात हे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, लक्षणे टिपली आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडली, मग प्राझोसिनचा उपयोग मांडला. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांची आणखी एक ट्रायल आली: नुसते प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस. एकूण ७० रुग्ण, प्रत्येक गटात ३५. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिलसीच्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८. टक्केवारीही दिली आहे, पण मूळ आकडे आधी आहेत, त्यामुळे वाचकाला गट किती लहान होता ते लगेच कळते. ट्रायल ओपन-लेबल होती, म्हणजे कुणाला काय दिले ते डॉक्टरांना ठाऊक होते, आणि हे लेखाच्या शीर्षकातच लिहिले आहे. मर्यादा शीर्षकात सांगूनही लेख मोठ्या नियतकालिकात छापला गेला. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात बसून हे होते, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो.

दुसरा नमुना तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. नेहमीची आरोग्यसेवा मिळालेल्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू, एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. मृत्यूचा धोका ०.५२ पट, आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.३३ ते ०.८३. हा शेवटचा आकडा पाहा. धोका साधारण निम्मा झाला, पण खरा परिणाम दोन-तृतीयांश घट इतका मोठाही असू शकेल किंवा जेमतेम सतरा टक्क्यांची घट इतका लहानही, हे त्या एका जोडीतून वाचकाला समजते. नुसती पी व्हॅल्यू यातले काहीच सांगत नाही. ०.०४ आली की आनंद आणि ०.०६ आली की सुतक, ही आपली सवय सोडायला हवी. आणि ३५ रुग्णांच्या गटात टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत काढून लिहिणे तर लगेच थांबवावे. एका रुग्णाने तिथे जवळजवळ तीन टक्क्यांचा फरक पडतो.

डिस्कशनमध्ये आपले लोक दोन टोकांना जातात. एक तर आधीच्या पंधरा अभ्यासांची जंत्री: अमुक यांना ४२ टक्के आढळले, तमुक यांना ३८, आमच्या अभ्यासात ४०, जे त्यांच्याशी मिळतेजुळते आहे. किंवा मग थेट राष्ट्रीय धोरणाला सल्ला. एका रुग्णालयातल्या १०० रुग्णांवरून सरकारने काय करावे हे सांगता येत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असेही म्हणता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी देऊन ४७ गावांशी तुलना केली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती मांडली. शीर्षकात तिला फील्ड ट्रायल म्हटले, कारण गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. पुढे इतरांनी इतर ठिकाणी ते तपासले, आणि २०११ पासून आशांमार्फत घरी नवजात बालकांची काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाला. धोरण बदलले, पण एका लेखाच्या शेवटच्या परिच्छेदातल्या आवेशामुळे बदलले नाही.

लिहायचा क्रमही महत्त्वाचा. आधी टेबले आणि आकृत्या, मग मेथड्स, मग रिझल्ट्स, मग डिस्कशन, त्यानंतर इंट्रोडक्शन आणि सगळ्यांत शेवटी ॲबस्ट्रॅक्ट आणि शीर्षक. ॲबस्ट्रॅक्टवर मात्र सर्वाधिक वेळ द्यावा, कारण बहुतेक वाचक तेवढेच वाचतात आणि संपादकही पहिला कौल त्यावरूनच देतो. त्यातला प्रत्येक आकडा आतल्या आकड्याशी ताडून पाहावा. दोन ठिकाणी दोन आकडे असलेला लेख वाचून रिव्ह्यूअरच्या मनात पहिली शंका मास्टर चार्टविषयीच येते.

इंग्रजीच्या भीतीविषयी थोडे. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी हुशार मुलांना मी या भीतीने लेखनापासून दूर पळताना पाहिले आहे. त्यांना माझा सल्ला ठरलेला असतो: आधी मराठीत सांग. काय केलेस, काय सापडले, सहकाऱ्याला कँटीनमध्ये सांगतोस तसे सांग. जे मराठीत स्पष्ट सांगता येते ते साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहिता येते, आणि शास्त्रीय लेखनाला तेवढेच इंग्रजी लागते. मराठीतही अडखळायला झाले तर अडचण भाषेची नाही, विचार अजून पक्का झालेला नाही. दुसऱ्यांचे परिच्छेद उचलून भाषा सजवणे हा यावरचा उपाय नव्हे. नियतकालिके आता सॉफ्टवेअरने उचलेगिरी तपासतात आणि लेख रिव्ह्यूअरकडे जाण्याआधीच परत येतो. एआयची मदत भाषा नीट करण्यापुरती घेतली तर घेतली म्हणून सांगावे. संपादकांच्या समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की असे साधन लेखक म्हणून दाखवता येत नाही आणि त्याचा वापर जाहीर करावा लागतो. ही साधने अस्तित्वातच नसलेले रेफरन्स बेमालूम लिहून देतात. जो लेख स्वतः उघडून वाचलेला नाही तो रेफरन्समध्ये घालू नये. हा नियम एआयच्या आधीही होता.

लेखकांच्या यादीवर एक अख्खे प्रकरण आहे आणि ते सर्वांत जास्त लोकांना खटकेल, याची मला कल्पना आहे. समितीचा निकष असा: अभ्यासाची कल्पना, आखणी, माहिती गोळा करणे किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा; लेख लिहिणे किंवा त्यात वैचारिक भर घालून तो सुधारणे; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि लेखाच्या प्रत्येक भागाबद्दल उत्तर देण्याची तयारी. चारही हव्यात. विभागप्रमुख आहेत म्हणून, पेशंट त्यांच्या युनिटचे होते म्हणून, किंवा त्यांनीही मागच्या पेपरमध्ये आपले नाव घातले होते म्हणून नाव घालणे यात बसत नाही. उलट ज्या रेसिडेंटने रात्री दोनला रक्ताचे नमुने घेतले, प्रोफॉर्मे भरले आणि पहिला मसुदा लिहिला, तो पास होऊन दुसऱ्या शहरात गेला की त्याचे नाव मागे ढकलले जाते किंवा गळतेच. याला मी चोरी म्हणतो. नावांचा क्रम सिनॉप्सिस मंजूर होतो त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून ठरवावा, लिहून ठेवावा आणि काम बदलले तर बदलावा. कुणाचे मन दुखेल म्हणून हा विषय टाळला, की तो दोन वर्षांनी फार कडवट होऊन समोर येतो.

लेखकपद म्हणजे जबाबदारी हे २०२० मध्ये सगळ्या जगाला दिसले. कोविडमधल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा लेख ‘लॅन्सेट’ने २२ मे रोजी छापला आणि ४ जूनला तो मागे घेतला गेला, कारण ज्या कंपनीकडून माहिती आली होती तिने मूळ माहिती तपासायला दिली नाही आणि लेखकांपैकी तिघांना तिची खात्री देता आली नाही. १९९८ मधला वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा लेख मागे घ्यायला तर २०१० उजाडले, आणि तोवर गोवराच्या लसीविषयीचा संशय घराघरांत पोचला होता. आपला थिसीस एवढा मोठा नसतो, पण नियम तोच. मूळ केसपेपर, प्रोफॉर्मे आणि मास्टर चार्ट जपून ठेवा, आणि को-ऑथर म्हणून सही करण्याआधी ते एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

नियतकालिक निवडताना इम्पॅक्ट फॅक्टरच्या आधी एक प्रश्न विचारावा: हे वाचून ज्याची प्रॅक्टिस बदलायला हवी तो डॉक्टर काय वाचतो? आपल्याकडचे प्रश्न आपल्याकडच्या नियतकालिकांत छापण्यात कमीपणा नाही. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ १९१३ पासून चालू आहे, केईएमचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून. त्यांचे रिव्ह्यू कसून होतात आणि ज्युनियर लेखकाला त्यातून शिकायला मिळते. टाळायची ती ‘आदरणीय डॉक्टर, आपला अमूल्य लेख पाठवा’ अशा ईमेल पाठवून आठवडाभरात छापून देण्याचे आश्वासन देणारी नियतकालिके. पैसे घेतात, तपासत काहीच नाहीत. पबमेडमध्ये किंवा ओपन ॲक्सेस नियतकालिकांच्या मान्य यादीत नाव आहे का, संपादक मंडळातली माणसे खरोखर तिथे काम करतात का, फी आधी स्पष्ट सांगितली आहे का, एवढे पाहायला अर्धा तास लागतो. बढतीसाठी पेपर मोजले जातात हे मला मान्य आहे. पण अशा ठिकाणी छापलेले खरे कामही वाया जाते, कारण ते पुन्हा दुसरीकडे छापता येत नाही. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे लेख पाठवावा, हेही इथेच सांगतो. दोन ठिकाणी पाठवलेला लेख उघडकीला आला तर दोन्ही दारे बंद होतात.

रिव्ह्यूअरची पत्रे आली की दोन दिवस उत्तर लिहू नये. मग प्रत्येक मुद्दा क्रमाने घ्यावा, काय बदलले आणि कुठल्या ओळीत ते सांगावे, आणि जे पटत नाही तिथे आदराने, पुराव्यासह नाही म्हणावे. रिव्ह्यूअरला समजले नाही म्हणजे वाचकालाही समजणार नाही, हे मानून तो परिच्छेद पुन्हा लिहावा. नकार आला तर आलेल्या सूचना वापरून लेख सुधारावा आणि दुसऱ्या नियतकालिकाच्या नियमांप्रमाणे बदलून पाठवावा. तसाच्या तसा पुढे ढकलू नये. एका विषयाचे रिव्ह्यूअर मोजकेच असतात आणि तोच लेख पुन्हा त्याच माणसाच्या हाती पडू शकतो.

केस रिपोर्ट आणि छायाचित्रांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली एकच गोष्ट इथे आणतो: डोळ्यांवर काळी पट्टी लावल्याने ओळख लपत नाही. रुग्णाला तो फोटो दाखवून, तो छापला जाणार आहे आणि इंटरनेटवर कायम राहणार आहे हे त्याच्या भाषेत सांगून लेखी संमती घ्यावी लागते. शस्त्रक्रियेच्या संमतीत ती धरली जात नाही.

पुस्तक कसे वाचावे हे सांगून थांबतो. ज्यांचा सिनॉप्सिस अजून एथिक्स कमिटीकडे गेलेला नाही त्यांनी पहिली तीन प्रकरणे आधी वाचावीत, बाकीची नंतर वाचली तरी चालेल. ज्यांचा थिसीस बांधून झाला आहे त्यांनी चौथ्यापासून सुरू करावे आणि विद्यापीठाचा निकाल लागण्याची वाट पाहू नये. पुढच्या नोकरीत एकदा रुजू झालात की हे काम होत नाही. गाईड असलेल्या माझ्या सहकाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. रेसिडेंटने मसुदा दिला की तो दोन आठवड्यांच्या आत, स्वतः वाचून, खुणा करून परत द्या. आपल्याकडचे कितीतरी चांगले लेख रिव्ह्यूअरपर्यंत जातच नाहीत, ते गाईडच्या टेबलावर अडकून राहतात.